बाहेरचे बाहेर होते कधी?

आमच्या कट्ट्यावर या विषयाच्या दोन पार्ट्या आहेत आणि दोन्ही हटायला तयार नाहीत. एक पार्टी म्हणते, कुठं लोक कापले जाऊन राहिले असतील तर जगानं फौज घुसवायची अन् थांबवायचं, त्यात इतका विचार काय करायचा बे. दुसरी म्हणते, शेजारच्या घरात भावाभावांची भांडणं लागली तर आपण काठी घेऊन आत शिरतो का, मग तिकडं काहून शिरायचं, त्यांचं ते बघतील. जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा शहर एम-२३ नावाच्या बंडखोरांनी पुन्हा ताब्यात घेतलं तेव्हापासून हे सुरू आहे, मध्ये क्रिकेट येतं, मेट्रोचं काम येतं, पण गाडी फिरून तिथंच. मला दोन्ही पटत नाही आणि टपरीवर कोणी वाक्य पुरं करू देत नाही म्हणून इथं लिहून राहिलो.

माझं म्हणणं असं की ते शेजारच्या घराचं उदाहरणच मुळात चुकीचं आहे. त्या घरात मधली भिंत कोणी घातली, कोणत्या भावाला पुढची खोली अन् कोणाला गोठा हे कोणी ठरवलं, आणि मारामारीला लागणारा माल कोणाच्या पैशातून आला, हे बघितलं तर "बाहेरचे" म्हणून जे लोक दारात उभे राहून विचार करतात ना की जावं की न जावं, ते आधीपासून आतच होते. आत येण्याजाण्यावर चर्चा करण्यापेक्षा तुमचा कोणता हात आत आहे आणि तो काय करून राहिला ते आधी सांगा ना.

काँगोच्या शेजारच्या रवांडाचंच घ्या, कारण काँगोचं आजचं दुखणं तिथूनच निघालंय. देश केवढा, तर आपल्या विदर्भाचा साधारण पाव भाग. हुतू, तुत्सी आणि त्वा असे तीन गट. भाषा एकच, किन्यारवांडा. राहायला त्याच टेकड्या, देवधर्म सारखा, लग्नंही एकमेकांत व्हायची. ढोबळमानानं तुत्सी म्हणजे गाईगुरंवाले आणि हुतू म्हणजे शेतीवाले, पण गुरं वाढली की माणूस या गटातून त्या गटात सरकू शकत होता. आता लगेच "म्हणजे आधी सगळं गोडीगुलाबीचं होतं" असं कोणी माझ्या तोंडी घालू नका. राजा तुत्सी होता, हुतूंकडून वेठबिगारी करून घेतली जायची, जाच होताच. पण तो जाच माणसाच्या नाकात मोजता येतो असं तिथं कोणाला वाटत नव्हतं.

ते काम युरोपनं केलं. आधी जर्मन होते, १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियमनं ताबा घेतला. मग उंची मोजा, कवटी मोजा, नाकाची रुंदी मोजा. तुत्सी हे मूळचे उत्तरेकडून आलेले, जवळजवळ गोऱ्यांच्याच जातकुळीतले, म्हणून राज्य करायला लायक, अशी थिअरी मिशनरी शाळांमधून पोरांना शिकवली गेली. नोकऱ्या, शाळा, सरदारक्या तुत्सींना. आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शिरगणती करून प्रत्येकाला ओळखपत्र दिलं, त्यावर एक ओळ, तू हुतू की तुत्सी की त्वा. झालं. सरकायची वाट बंद. बापाच्या कार्डावर जे, तेच पोराच्या. पुढं १९५० च्या दशकाच्या शेवटी तुत्सी पुढारी स्वातंत्र्य मागायला लागले तेव्हा बेल्जियमनं पारडं फिरवलं आणि हुतूंच्या बाजूनं उभं राहिलं. १९५९ मध्ये तुत्सींवर पहिले मोठे हल्ले झाले, लाखावर माणसं युगांडा, बुरुंडीत पळाली. १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, गोरे साहेब गेले, कार्ड मात्र राहिलं, नव्या हुतू सरकारनंही ते जपून ठेवलं कारण आता ते त्यांच्या कामाचं होतं. हे फार महत्त्वाचं आहे, सगळं खापर बेल्जियमवर फोडून मोकळं होता येत नाही.

सरकारी कागदावरची एक ओळ काय करू शकते हे नागपूरकराला खरं तर समजवायची गरज पडू नये. सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून आपण रोज हॉर्न वाजवत जातो त्याला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन सुरू होतं, गोवारींचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. मोर्चा अडवला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. मी तेव्हा शाळेत होतो, दुसऱ्या दिवशी बर्डीच्या रस्त्यावर पडलेल्या चपलांचा फोटो घरच्या पेपरात होता आणि आईनं तो पेपर उलटा करून ठेवला होता. मागणी काय होती त्यांची? अनुसूचित जमातींच्या यादीत "गोंड गोवारी" असं एकत्र लिहिलंय, त्यात गोवारी धरायचे की नाही, एवढी. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये म्हटलं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच संपली होती, म्हणजे ही नोंद गोवारींचीच. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये तो निकाल फिरवला. गोवारी म्हणजे गुरं राखणारा समाज, दिवाळीत ढाल घेऊन नाचत येतात ते. यांच्यावर आणि मध्य प्रांतातल्या झाडून सगळ्या जातीजमातींवर रसेल नावाचा इंग्रज अधिकारी आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार जाडजूड खंड काढले होते, कोणाच्या चालीरीती काय, कोण कोणाच्या हातचं खातं, कोणाचा स्वभाव कसा, सगळं लिहून. अभ्यास म्हणून आजही उपयोगी पडतात, नाही म्हणत नाही. पण एकदा लिहिलं की लिहिलं.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाहीये हं, कृपया भांडायला येऊ नका. इथं एका मोर्चाची चेंगराचेंगरी झाली, तिथं ठरवून कत्तल झाली. वर्ष मात्र एकच होतं आणि मला स्वतःला रवांडा हा शब्द त्या वर्षी ऐकल्याचं आठवतसुद्धा नाही. आपल्या घरात तेव्हा सुश्मिता आणि ऐश्वर्याचीच चर्चा होती.

तर एप्रिल १९९४ च्या आधी बाहेरचे कुठं होते? १९९० च्या ऑक्टोबरमध्ये युगांडात वाढलेल्या तुत्सी निर्वासितांच्या फौजेनं, आरपीएफनं, सीमा ओलांडली तेव्हा हुतू सरकार वाचवायला फ्रान्सनं सैनिक पाठवले, नंतर शस्त्रं दिली, त्यांच्या सैन्याला ट्रेनिंग दिलं. इजिप्तनं १९९२ मध्ये साठ लाख डॉलरची शस्त्रं विकली. चीनमधून कोयत्यांची भरमसाट आयात झाली, शेतीची अवजारं म्हणून. ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातल्या अरुशा शहरात करार झाला, त्यात कार्डावरची ती ओळ काढून टाकायचंही ठरलं होतं. काढली नाही. करार राबवायला यूएनची फौज आली, साधारण अडीच हजार, प्रमुख कॅनडाचा जनरल डलेर. त्यानं ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कला फॅक्स केला की एक खबऱ्या शस्त्रांचे साठे दाखवायला तयार आहे, तुत्सींची यादी करणं चाललंय, मी छापा घालतोय. वरून उत्तर आलं, छापा घालू नको, ते तुझ्या अधिकारात नाही, राष्ट्राध्यक्षांना जाऊन सांग. ज्यांच्या माणसांनी शस्त्रं लपवली त्यांनाच जाऊन सांग!

६ एप्रिलच्या रात्री हुतू राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमानाचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं आणि काही तासांत हुतू सैनिकांचे अन् टोळ्यांचे नाके उभे राहिले. नाक्यावर काय मागायचे? कार्ड. तुत्सी लिहिलेलं दिसलं की बाजूला. कार्ड नसलं तरी बाजूला. मारेकऱ्यांच्या बाजूच्या रेडिओवर नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर. विरोध करणारे हुतूही मारले, पंतप्रधान आगात उविलिंगियिमाना हुतूच होत्या, त्यांना ७ तारखेलाच संपवलं आणि त्यांच्या संरक्षणाला गेलेल्या दहा बेल्जियन सैनिकांनाही. साधारण शंभर दिवसांत यूएनच्या आकड्यानुसार सुमारे आठ लाख माणसं.

आणि आता ती गोष्ट ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. लोक म्हणतात जगानं हस्तक्षेप केला नाही. केला ना! ९ एप्रिलपासून फ्रेंच, बेल्जियन, इटालियन सैनिक विमानानं उतरले, चांगले कसलेले, पूर्ण तयारीचे. कशासाठी, तर आपापल्या गोऱ्या लोकांना बाहेर काढायला. काही दिवसांत काम फत्ते, परत. म्हणजे फौज पोचू शकत होती, रस्ता मोकळा करू शकत होती, नाकेवाले त्यांना बघून बाजूला होत होते. किगालीत एक टेक्निकल शाळा होती, तिथं बेल्जियन शांतिसैनिकांचा तळ होता म्हणून दोनेक हजार लोक आवारात येऊन बसले होते, पोरंबाळं, म्हातारे, सगळे. गेटाबाहेर कोयतेवाले दारू पीत वाट बघत होते. ११ एप्रिलला हुकूम आला आणि सैनिकांनी ट्रक भरले. लोक गाड्यांसमोर आडवे झाले. गाड्या निघाल्या. त्याच दिवशी त्यातले बहुतेक मारले गेले. आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ठराव करून ती अडीच हजारांची फौज २७० वर आणायचं ठरवलं. गंमत बघा, गंमत कसली, त्या वर्षी रवांडाचं तेच सरकार सुरक्षा परिषदेचं सदस्य होतं आणि त्यांचा माणूस टेबलाशी बसून मत देत होता.

अमेरिकेचं वेगळंच. आदल्या ऑक्टोबरात सोमालियात मोगादिशूमध्ये त्यांचे अठरा सैनिक मेले होते, त्यामुळे आफ्रिकेत पाय टाकायची कोणाची तयारी नव्हती. बरं सैनिक नको, तो रेडिओ तरी जॅम करा, एवढीच सूचना आली होती. पेंटागॉननं मे महिन्यात कळवलं की विमान उडवायला तासाला साडेआठ हजार डॉलर पडतील आणि कायद्याच्याही अडचणी आहेत. तासाला साडेआठ हजार.

उलट बाजूनं एक माणूस. कॅप्टन म्बाये डियान, सेनेगलचा, यूएनचा निरीक्षक, हातात बंदूकसुद्धा नाही. हा आपल्या गाडीत तीन-चार, पाच-सहा लोक लपवायचा आणि एकेक नाका पार करायचा. नाक्यावर थांबायचा, पोरांना सिगारेट द्यायचा, जोक मारायचा, हसवायचा आणि पुढं जायचा. परत यायचा, पुन्हा तेच. त्यानं शेकडो जीव वाचवले असं मानतात. ३१ मे ला त्याच्या गाडीजवळ तोफगोळा फुटला आणि तो गेला. घानाचे सैनिकही थांबले होते, त्यांनी न्यूयॉर्कच्या हिशोबाची फार पर्वा केली नाही. म्हणून मी "बाहेरच्यांनी जाऊच नये" या पार्टीत बसू शकत नाही. गेलेल्या थोड्या लोकांमुळे किती वाचले हे दिसतंय ना.

पण मग "फौज घुसवा" वाल्यांनीही पुढचं ऐकावं. जूनच्या २३ तारखेला फ्रान्सची फौज घुसली, यूएनचा ठराव वगैरे घेऊन, मानवतेसाठी म्हणे. काही हजार लोक वाचलेही असतील. बिसेसेरो नावाच्या डोंगरावर लपलेले तुत्सी २७ जूनला फ्रेंच गाड्या बघून बाहेर आले, सैनिक म्हणाले थांबा, परत येतो. आले तीन दिवसांनी. बाहेर आलेल्यांना तोवर मारेकऱ्यांनी हेरलं होतं, मधल्या तीन दिवसांत शेकडो गेले. आणि फ्रेंचांच्या त्या सुरक्षित पट्ट्यातून मारेकरी, त्यांचे मंत्री सीमेपलीकडे झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, निघून गेले. जुलैमध्ये आरपीएफ जिंकली तेव्हा उत्तरेकडून दहा लाखांच्या घरात लोक गोमाला येऊन पडले, त्यांच्यातही पळालेलं सैन्य होतंच. कॉलऱ्यानं हजारो मेले. जगभरातून मदत आली, तंबू आले, धान्य आलं आणि त्या छावण्यांची वाटपव्यवस्था ज्यांच्या हातात गेली ते तेच होते ज्यांनी नाके चालवले होते. त्यांना मारायला १९९६ मध्ये रवांडाची नवी फौज काँगोत शिरली, त्यातून दोन मोठी युद्धं झाली आणि अजून ते संपलेलं नाही. एम-२३, म्हणजे काँगोतल्या तुत्सींच्या पुढारपणाखालचे बंडखोर, हे त्याच साखळीतले.

कामठीला आमच्या ओळखीतले एक सुभेदार काका राहतात, रिटायर्ड, ते यूएनच्या ड्युटीवर गोमाकडे होते. आपल्याकडे फार जणांना माहीत नाही पण भारताची मोठी तुकडी तिथं वर्षानुवर्षं आहे, आपल्या आर्मीचं हॉस्पिटलही आहे. काका फार बोलत नाहीत. गोमाबद्दल विचारलं की आधी ज्वालामुखीचं सांगतात, शहराचे रस्ते, कुंपणं सगळं काळ्या लाव्ह्याच्या दगडाचं, आणि पोरं लाकडाच्या मोठ्या दुचाकी ढकलतात, चुकुडू म्हणतात तिला, त्यावर कोळशाची चार-चार पोती. मग एकदा बोलता बोलता म्हणाले, "आमच्या पोस्टच्या तारेला लागून संध्याकाळी बायका पोरांना घेऊन झोपाले येत होत्या. चटई, भगोनं, कोंबडी, सगळं संगं. सकाळी उठून वावरात. आम्ही काही करत नव्हतो भाऊ, फक्त लाइट चालू ठेवत होतो." मी विचारलं, मग गोमा पडलं तेव्हा? २० नोव्हेंबर २०१२ ला एम-२३ पहिल्यांदा शहरात आलं तेव्हा यूएनची फौज तिथं असून त्यांनी अडवलं नाही, तो विषय. काका तेव्हा तिथं नव्हते, तरी त्यांना राग आला. "ज्यांचा देश त्यांचीच फौज पळून गेली होती, मग आपली पोरं कोणासाठी लढली असती?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोकांचाही राग खोटा नाही, वर्षानुवर्षं पांढऱ्या गाड्या फिरतात आणि गावं जळतच राहतात. जुलै २०२२ मध्ये यूएनविरुद्धच निदर्शनं पेटली आणि बुटेंबोत आपल्या बीएसएफचे दोन जवान मारले गेले.

२०१३ मध्ये मात्र एम-२३ हरलं होतं. यूएननं दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावीची एक लढाऊ ब्रिगेड आणली हे सगळे सांगतात. त्याच सुमाराला अनेक पाश्चात्त्य देशांनी रवांडाची आर्थिक मदत थांबवली हे कमी जण सांगतात. यूएनचे तज्ज्ञ सांगत होते की एम-२३ ला रवांडाचं पाठबळ आहे, रवांडा ते नाकारत आलाय, पण पैसा थांबल्यावर पाठबळही पातळ झालं. माझ्या मते त्या ब्रिगेडइतकंच काम त्या बंद झालेल्या चेकनं केलं.

आपला स्वतःचा हिशोब? १९७१ मध्ये आपण गेलो, एक कोटी निर्वासित आले होते, जगानं ७ डिसेंबरला यूएनच्या आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली तरी आपण थांबलो नाही आणि बरं झालं थांबलो नाही. त्याच्याही आधीपासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आजही गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे आहेत, जाऊन मासळी खाऊन या. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना घेऊन गेलो ते तमिळांना वाचवायला, काही महिन्यांत तमिळ वाघांशीच लढत होतो, अकराशेवर जवान गमावले आणि १९९० मध्ये परत आलो. ज्या लिट्टेला आपणच आधी आपल्या जमिनीवर ट्रेनिंग दिलं होतं. इथंही पुन्हा तेच, हात आधीपासून आत होता.

आणि भल्यासाठी आत येणाऱ्यांचा अनुभव या शहरालाही आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, मुलगा नव्हता, दत्तक मानला नाही, १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूर खालसा केलं. कारण काय दिलं, तर प्रजेला चांगलं राज्य मिळावं. मग भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात काढले, कवडीमोलानं गेले, दागिने कलकत्त्याला रवाना. पण डलहौसीच्या त्याच टिपणात आणखी एक कारण साफ लिहिलेलं आहे, इकडचा कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता.

तर मी कट्ट्यावर जे सांगू पाहतो ते हे. काँगोत रुबाया नावाची जागा आहे, तिथं कोल्टन नावाचं खनिज निघतं, त्यातला टँटलम धातू फोनपासून विमानापर्यंत सगळ्यात लागतो. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ नं रुबाया घेतलं आणि यूएनच्या तज्ज्ञांनी लिहिलं की माल रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळतो. त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, युरोपियन युनियननं रवांडाशी खनिजांच्या पुरवठ्याचा करार केला होता. काँगोनं बोंब मारली, कोणी ऐकलं नाही. गोमा पडल्यावर मार्च २०२५ मध्ये युनियननं काही लोकांवर आणि एका सोन्याच्या रिफायनरीवर निर्बंध घातले. करार तेव्हाही रद्द केला नाही, फक्त "पुनर्विचाराखाली" ठेवला. फौज पाठवायची की नाही यावर ज्यांना कट्ट्यावर भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं, मी आधी त्या कराराचं काय झालं ते विचारणार, आणि चहाचे पैसे या वेळी दुसऱ्या पार्टीनं द्यायचे आहेत.